विरजणापुरतं औषध

औषधाची बाटली उजव्या कानाशी धरायची, डोळे मिटायचे आणि नारळातलं पाणी बघतात तशी ती हलवायची. आतून खळखळ आली की तिचा चेहरा उजळायचा. "हाय की अजून!" असं म्हणून बाटली पदराखाली जायची आणि पदराखालून तिच्या फ्रीजमध्ये. एकदा तिथं गेली की ती तुमची राहत नसे, गल्लीची होई.

आम्ही सगळे तिला अव्वा म्हणायचो. तोंडावर 'तुम्ही', पाठीमागं 'ती'. आज पाठीमागंच बोलतेय, तेव्हा 'ती'च म्हणते. तुमच्याही गल्लीत अशी एखादी असणार, फक्त तिच्याकडं एवढा मोठा फ्रीज नसणार.

अव्वा मूळची मैंदर्गीची. नवऱ्याची नोकरी सोलापुरात, म्हणून इथं घर झालं. तो गेल्यावर मुलगा शेती आणि दुकान बघायला गावी परतला, सून तिकडंच अक्कलकोटला शिक्षिका. अव्वा मात्र जागची हलली नाही. मैंदर्गीत करमत नाही म्हणायची. खरं कारण असं की मैंदर्गीत तिचं कुणी ऐकत नव्हतं, आणि इथं आम्ही अख्खी गल्ली ऐकायला बसलो होतो.

तिचा फ्रीज म्हणजे बघण्यासारखी गोष्ट. खाली शेंगाचटणीचा डबा, मधे देवाची फुलं, वर दह्याचं विरजण, आणि दारात बाटल्याच बाटल्या. गुलाबी, पिवळ्या, केशरी. प्रत्येक बाटलीला मालक होता, पण तो फक्त तिच्या डोक्यात. ही गुरवाच्या पोराची तापाची, ही शिंप्याच्या पोरीची घशाची. वर छापलेलं वाचता येत नव्हतं असं नाही. चांगली सातवी शिकलेली बाई. वाचायची गरज वाटत नव्हती, रंगावर भागत होतं.

आमच्याकडं विरजण संपलं तर कुणी दुकानात जात नाही. वाटी घ्यायची, शेजारी जायचं. अव्वानं तोच कायदा औषधाला लावला. कुणाचं पोर तापलं की आई वाटी घेऊन अव्वाकडं. अव्वा बाटली कानाशी धरणार, हलवणार, आणि वाटीत दोन चमचे ओतणार. चमचा पोह्यांचा. पोर जरा अंगानं भरलेलं असेल तर वर थोडं जास्त, वाढतं अंग म्हणून. खोटं वाटत असेल तर आमच्या गल्लीतल्या कुठल्याही थोराड पोराला विचारा, ते सगळे त्या चमच्यावर वाढलेत. वाढले ते अव्वामुळं नाही, अव्वा असूनही वाढले, हे माझं मत. ते मी तेव्हाही बोलून दाखवायचे आणि तिच्या शिव्या खायचे.

एकदा कोपऱ्यावरच्या घरात नवीन सून आली होती. तिच्या बाळाला पावडरीचं औषध दिलेलं, उकळून गार केलेलं पाणी रेघेपर्यंत घालायचं असतं ते. बिचारी अव्वाकडं विचारायला गेली. आता सोलापूरचं पाणी तुम्हाला माहीत आहे. नळाला कधी येईल ते नळालाही माहीत नसतं. अव्वानं रेघेच्या निम्म्यापर्यंतच पाणी घातलं. का, तर पाणी यायला अजून अवकाश आहे, जपून वापरावं. वर सांगितलं, घट्ट औषध अंगाला जास्त लागतं. नशीब, त्या सुनेला शंका आली आणि ती बाटली घेऊन मेडिकलवर गेली. मेडिकलवाल्यानं कपाळावर हात मारला. त्या दिवसापासून आमच्या गल्लीत जाणाऱ्या बाटलीत तो स्वतः पाणी घालायचा, रेघ दाखवायचा, आणि मगच बाटली हातात द्यायचा. अव्वा म्हणाली, बघा, माझ्यामुळं गल्लीची सोय झाली की नाही.

माझं आणि तिचं वाजलं ते माझ्या मुलीच्या कानावरून. पोरीचा कान ठणकत होता, ताप होता. डॉक्टरांनी तपासून ॲन्टिबायोटिक दिलं. औषध देणं म्हणजे आमच्याकडं कुस्ती होती. नवरा हात धरणार, मी गालाच्या आतल्या बाजूनं पिचकारीनं थोडं थोडं सोडणार, आणि कार्टी ते भिंतीवर थुंकणार. अजून त्या भिंतीवर डाग आहे. तरी नेटानं देत होतो. ताप उतरला, पोर अंगणात उड्या मारायला लागली, आणि तिच्या उड्या बघून अव्वा वाटी घेऊन दारात हजर.

"बरी झाली की ही. आता कशाला पाजतीस? अर्दं दे हिकडं."

मी म्हटलं, डॉक्टरांनी सांगितलंय तेवढे दिवस देणार. ती म्हणाली, डॉक्टर काय, सांगणारच. मी म्हटलं, अव्वा, हे दही आहे का?

"अगं बाटली कुटं मागते मी? विरजणापुरतं दे."

माझं डोकं आधीच तापट. मी दार लावून घेतलं. तोंडावर लावलं, खोटं कशाला सांगू. नंतर कितीतरी दिवस अव्वा गल्लीत मला 'लई शाणी' म्हणून ओळख करून देत होती आणि माझ्याकडून कढीपत्ता नेणं तिनं बंद केलं होतं. कढीपत्त्याचं झाड आमचंच असल्यानं तिला ते जड गेलं असणार. मला आनंद झाला.

पण अव्वाचा जीव औषधात नव्हता, फ्रीजमध्येही नव्हता. तिचा जीव होता तिच्या नातवात, बसूत. बसूनं सोलापूरच्या शाळेत शिकावं आणि आपल्यापाशी राहावं, एवढंच तिला आयुष्यात मागायचं राहिलं होतं. त्यासाठी तिनं माजघराचा कोपरा रंगवून घेतला, छोटं टेबल करवून घेतलं, आणि सुनेपुढं वर्षभर पदर पसरला. ही बाई, जिनं कधी कुणापुढं मान खाली घातली नाही, ती फोनवर सुनेला "तू म्हणशील तसं" म्हणायची. आम्ही कान देऊन ऐकायचो आणि हसायचो.

सून अबोल, पण खंबीर. अखेर कबूल झाली. एकच अट घातली. पोर आजारी पडलं तर दवाखान्यात न्यायचं, फ्रीजमधलं काही द्यायचं नाही. अव्वानं देवाच्या फोटोवर हात ठेवून हो म्हटलं. बसू जूनमध्ये आला. गोल तोंडाचा, खिशात सतत काहीतरी खायला ठेवणारा पोरगा. नको असेल तेव्हा कानडीत "ब्याड" म्हणायचा आणि हवं असेल तेव्हा मराठीत मागायचा.

पावसाळा सरता सरता त्याला ताप आला, घसा धरला. दवाखान्यात नंबर लावायचा म्हणजे सकाळ जाणार, आणि नेमका तो पाण्याचा दिवस होता. अव्वानं फ्रीज उघडला. मागच्या गल्लीतल्या एका पोरीचं उरलेलं पिवळं औषध होतं. किती जुनं ते तिलाही आठवत नव्हतं. तिनं बाटली कानाशी धरली.

आमच्याकडं पाण्याच्या दिवशी माणूस नळ सोडत नाही. घरात पाव्हणा आला तरी हात दाखवून बसवतात आणि आधी पिंप भरतात. त्या सकाळी अव्वाचा नळ तसाच वाहत होता, आणि अव्वा बसूला छातीशी धरून रस्त्यात आली होती. नळ वाहतोय हे बघूनच मी हातातली कळशी टाकून धावले. पोराच्या अंगावर गांधी उठल्या होत्या, ओठ सुजले होते, आणि श्वास घेताना शिट्टीसारखा आवाज येत होता.

मी स्कूटी काढली. पोर मधे, अव्वा मागं. रस्ताभर ती पोराच्या पाठीवर हात ठेवून त्याचा श्वास मोजत होती.

डॉक्टरांनी पोराला टेबलावर घेतलं आणि लगेच मांडीत इंजेक्शन दिलं. नर्सनं नाकाला ऑक्सिजन लावला. तसं करत करतच त्यांनी विचारलं, काय खाल्लं, काय दिलं? अव्वानं पोराचा पाय घट्ट धरला. मी तिच्याकडं बघितलं. तिच्या डोळ्यात मला सगळं दिसलं, रंगवलेला कोपरा, टेबल, सुनेला दिलेला शब्द. बोललं तर पोर हातचं जाणार, नाही बोललं तर कायमचंच जाईल.

तिनं कमरेची चंची सोडली. पान-सुपारीच्या मधून पिवळी बाटली काढली आणि टेबलावर ठेवली. येताना बरोबर घेऊनच निघाली होती.

"मीच दिलं," ती म्हणाली. "ह्यातलं."

डॉक्टरांनी बाटली बघितली. रागावले नाहीत, ते आधी पोराकडं बघत राहिले. श्वास हळूहळू सुधारला, ओठांची सूज उतरू लागली, तरी दिवसभर इथंच ठेवू म्हणाले, पुन्हा त्रास होऊ शकतो. मग मात्र त्यांनी सांगितलं, आणि सांगताना आवाज चढलाच. हे औषध दुसऱ्या पोरीच्या वजनावर दिलेलं, दुसऱ्या दुखण्यावर. पावडरीत पाणी पडलं की ते थोडेच दिवस टिकतं, फ्रीजमध्ये ठेवलं म्हणून अमर होत नाही. आणि ह्या पोराला हे औषध चालत नाही, आता कुठल्याही डॉक्टरनं काहीही लिहून द्यायच्या आधी हे सांगायचं. अव्वा मान हलवत होती. पुन्हा पुन्हा विचारून तिनं औषधाचं नाव पाठ केलं.

दुपारी सून आली. डॉक्टर सांगायला पुढं झाले, तर अव्वानं हात आडवा केला. सासूनं सुनेसमोर उभं राहून सांगितलं की शब्द दिला होता आणि मोडला. सून खाटेवर बसली. पोराच्या केसांतून हात फिरवत राहिली. दुसऱ्या दिवशी तिनं घरी येऊन बसूचं दप्तर उचललं, कपडे भरले, आणि त्याला घेऊन मैंदर्गीच्या गाडीत बसली. शाळेचा दाखला नंतर नेला.

आता तुम्ही म्हणाल, बाई खचली असेल. छे! अव्वा ती. आठवडाभर दार लावून बसली, आणि मग एका सकाळी घंटागाडी आली तेव्हा दार उघडलं. फ्रीजच्या दारातल्या सगळ्या बाटल्या तिनं चहाच्या चोथ्यात ओतून पिशव्या बांधल्या होत्या. घंटागाडीवाला म्हणाला, आजी, दवाखाना बंद केला काय? गल्लीतल्या दोघी-तिघी तर दुखवट्याला आल्यासारख्या तोंड पाडून उभ्या होत्या.

त्यानंतर जी अव्वा बाहेर पडली ती आधीच्या अव्वापेक्षा भयंकर. आधी ती औषध मागायला यायची, आता मोजायला यायला लागली. कुणाचं पोर आजारी आहे हे तिला आईच्या आधी कळायचं. दारात उभी राहणार, बाटली मागून घेणार, कानाशी धरून हलवणार. "हाय की अजून! का न्हाय दिलं?" पोर खेळायला लागलं म्हणून औषध बंद केलेल्या बाईची ती चारचौघांत अशी खरडपट्टी काढायची की त्या बाईला दुसऱ्या गल्लीतून जावं लागायचं. पोह्यांचा चमचा दिसला तर हिसकावून घ्यायची. औषधाबरोबर मिळालेली टोपी नाही तर पिचकारी पाहिजे, आणि टोपी डोळ्यासमोर धरून रेघ बघायची. दुधाच्या पेल्यात औषध घालणाऱ्या एकीला तिनं विचारलं, पोर निम्मा पेला ठेवून उठलं तर निम्मं औषध मांजराला का?

माझ्याकडंही आली. माझ्याकडं! जिनं विरजणापुरतं मागितलं होतं, तीच माझ्या ओट्यावर बसून मला सांगायला लागली की सकाळचं द्यायचं राहिलं तर रात्री दुप्पट द्यायचं नाही. हसावं की डोकं फोडावं कळेना. मी म्हटलं, अव्वा, हे मला सांगताय? ती म्हणाली, तू शाणी आहेस, पण शाण्यालाच जास्त सांगावं लागतं. हलवून द्यायचं, हे एवढं एकच ती पहिल्यापासून बरोबर करत होती. त्याचा तिला शेवटपर्यंत गर्व होता.

आणि बसूला न चालणाऱ्या औषधाचं नाव तर तिनं अख्ख्या सोलापूरला सांगितलं. भाजीवालीला, बांगडीवाल्याला, अक्कलकोट गाडीच्या कंडक्टरला. तो बिचारा म्हणाला, आजी, मी तिकीट देतो फक्त. अव्वा म्हणाली, असू दे, कधी पोर तुझ्या गाडीत बसलं तर? लोक हसायचे. मीही हसायचे. पण संध्याकाळी ती त्या रंगवलेल्या कोपऱ्यात एकटी बसलेली खिडकीतून दिसायची आणि मग हसू यायचं नाही. टेबल तिनं हलवलं नव्हतं. रोज पुसायची.

बसू यायचा, पण आईबरोबर, आणि सकाळी येऊन संध्याकाळी परत. पाणीसुद्धा सून स्वतः आणलेल्या बाटलीतून द्यायची. अव्वानं त्यावर कधी तोंड उघडलं नाही. आमच्या गल्लीत आयुष्यभर सगळ्यांना टोकणारी बाई तिथं मुकी व्हायची.

दोन-तीन पावसाळे गेले असतील. एका लग्नासाठी सून आणि बसू सोलापूरला आले आणि पोराला पुन्हा घशाचं दुखणं लागलं. सुनेनं त्याच डॉक्टरांकडं नेलं. बरोबर अव्वा होती, आणि डॉक्टरांनी तोंड उघडायच्या आधी तिनं न चालणाऱ्या औषधाचं नाव सांगितलं. डॉक्टर हसले, म्हणाले, आजी, विसरलेलो नाही. दुसरं औषध दिलं. घरी पोचतात तोच सुनेच्या आईचं हाड मोडल्याचा फोन आला. तिला निघणं भाग होतं, आणि तापातलं पोर प्रवासाला न्यायचं नव्हतं.

मी तेव्हा अव्वाच्या घरीच होते, कढीपत्ता द्यायला गेले होते. सुनेनं बाटली फिरवून वरचं सगळं पुन्हा वाचलं. मग तिनं ती अव्वाच्या हातात दिली.

"अत्ती," ती सासूला म्हणाली, "औषध तुमीच द्या."

अव्वानं बाटली माझ्याकडं ढकलली. तू घे, म्हणाली, तू दे, मला नको. सुनेनं ती माझ्या हातातून काढून पुन्हा सासूच्या हातात ठेवली आणि निघून गेली.

ते दिवस गल्लीनं कसे काढले ते आम्हालाच माहीत. सकाळच्या चहानंतर आणि संध्याकाळी दिवाबत्तीच्या वेळी अव्वा बसूला ओट्यावर बसवायची आणि आम्हाला हाका मारून गोळा करायची. टोपीतली रेघ मी बघायची, माझ्या मुलीनं बघायची, येणाऱ्या-जाणाऱ्यानंसुद्धा बघायची. बाटली कानाशी धरून ती एवढी हलवायची की बसू म्हणायचा, अज्जी, त्याला चक्कर येईल. पहिल्या घोटानंतर त्याच्या अंगावर काही उठतंय का ते बघायला ती त्याचा सदरा वर करून दुपारपर्यंत बसली. एकदा त्यानं "ब्याड" म्हणून सगळं ओकून टाकलं. अव्वा घाबरली, पण पुन्हा दिलं नाही, आधी डॉक्टरांना फोन लावला. ते सांगतील तसं केलं. नंतर पोराला साधी शिंक आली तरी फोन. डॉक्टरांनी शेवटी मला फोन करून विचारलं, तुमच्या अव्वांना दुसरं काही काम देता येईल का?

सून परत आली तेव्हा पोर ठणठणीत होतं. औषधाचे दिवस त्याच सकाळी भरले होते. ती माजघरात गेली, कोपऱ्यातलं ते पुसलेलं टेबल बघितलं, आणि त्यावरून हात फिरवला. पुढच्या जूनमध्ये बसूचं दप्तर त्या टेबलावर आलं. अव्वानं त्या दिवशी गल्लीत पेढे वाटले, आणि मला एक जास्त दिला. शाणी म्हणून.

बसू तिच्यापाशी मोठा झाला. मिसरूड फुटली, आवाज फुटला. गेल्या उन्हाळ्यात अव्वा गेली. दुपारी पडली होती, उठलीच नाही. अंत्यविधी मैंदर्गीला झाला. आम्ही सगळे गेलो होतो, मेडिकलवालासुद्धा.

नंतर घर आवरायला सून आली. एकटीनं होईना म्हणून मला बोलावलं. आम्ही फ्रीज रिकामा करायला घेतला. शेंगाचटणी, वाळलेली फुलं, विरजणाची वाटी. दारातले कप्पे पुसून लख्ख ठेवले होते. तिथं एकच बाटली होती, मधोमध. बसूची, तीच, सुनेनं हातात दिलेली. झाकण घट्ट लावलेलं, आणि वरच्या कागदामुळं आतलं दिसत नव्हतं.

मला वाटलं, मेली शेवटपर्यंत सुधारली नाही. लपवून ठेवलंच होतं. मी बोलणारही होते.

सुनेनं बाटली उचलली. उजव्या कानाशी धरली, डोळे मिटले, आणि हलवली. काहीच वाजलं नाही. तिनं पुन्हा हलवली. आत धुवून, वाळवून ठेवलेली ती रिकामी बाटली होती, थेंबसुद्धा शिल्लक नव्हता. सून खाली बसली आणि रडायला लागली, आणि मीही तिच्याशेजारी बसले.